निळीच्या टाकीतला बाप्तिस्मा

उपासनेच्या हॉलच्या मालकाने जागा जिमला दिली आणि आमच्या पाळकांची मंडळी पांगली. कोणी मोठ्या चर्चला गेलं, कोणी घरीच बसलं. उरली ती मोजकी माणसं. त्यांच्या अर्पणावर घर चालेना, म्हणून पाळक मेहुणीच्या लॉन्ड्रीत इस्त्री करू लागले. पहिल्याच आठवड्यात मनगट भाजलं.

त्यांचा थोरला भाऊ म्हणाला, "पुरे आता. माझ्या गोदामात ये, खुर्चीत बसशील."

"बसेन की. पण मला आधी वरच्याने बोलावलंय. त्याला काय सांगू?"

भावाने कपाळाला हात लावला.

रविवारी लॉन्ड्री बंद असे. तेव्हा तिथेच उपासना व्हायची, मंडळी चादरींच्या गठ्ठ्यांवर बसायची. अशातच क्रेन चालवणाऱ्या एका अगडबंब गड्याने बाप्तिस्मा मागितला. त्याला पुरता बुडवायचा तर चादरी भिजवायची सिमेंटची टाकीच हवी. मेहुणीने ती काठोकाठ भरली. तळाशी निळीचा गाळ साचलाय, हे मात्र तिच्या ध्यानातच आलं नाही.

पाळकांनी प्रार्थना म्हणून त्याला मागे झुकवलं. गड्याचा पाय सटकला आणि तो पाळकांना घेऊनच तळाशी गेला. दोघे वर आले ते नखशिखांत निळे.

क्रेनवाल्याने आपले हात उलटसुलट करून पाहिले आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "सगळ्यांचं असंच होतं का?"

पाळकांची बायको फिस्सकन हसली. मग बांधच फुटला. मेहुणी फरशीवरच बसली. "भाऊजी, दोघांना ब्लीचमध्ये घालू का?"

पाळकांनी टाकीचा कठडा धरून आशीर्वाद द्यायला घेतला. "तुझ्यावर..." म्हणाले की त्यांचे निळे कान हलायचे आणि पुन्हा हशा. शेवटी तो आशीर्वाद बायकोने डोळे पुसत पुरा केला. कितीतरी महिन्यांनी नवरा असा पोट धरून हसताना तिने पाहिला होता.

रंग लवकर गेला नाही. क्रेनवाला तसाच कामावर गेला आणि विचारेल त्याला सगळं रंगवून सांगू लागला. पुढच्या रविवारी त्याचे साथीदार निळा पाळक बघायला आले. त्यातले दोघे टिकले.

हॉल अजून मिळालेला नाही. सोमवार उजाडला की पाळक इस्त्री तापवतात. मोठ्या चादरीची घडी घालायची असली की क्रेनवाला दुसरं टोक धरायला येतो, आणि दोघे बेसूर गातात.