हाराला जागा

श्री. वामनराव तेंडोलकर यांची माझी ओळख त्यांच्या अंधेरीच्या स्टुडिओत झाली. स्वातंत्र्याला तेव्हा चार-पाच वर्षे झाली होती. मी मराठी घेऊन बी. ए. झालो होतो आणि नोकरी नव्हती. अर्जाला लावायचा फोटो काढून घ्यायला गेलो होतो. फोटो झाल्यावर त्यांनी विचारले, "उद्या काय करणार?"

"काही नाही."

"मग इथे ये."

त्यांना सगळे नाना म्हणत. मीही म्हणू लागलो.

स्टुडिओत लग्नाची जोडपी येत, बारशाची मुले येत. पण नानांचे नाव होते ते हाराच्या फोटोसाठी. बोरिवली-कांदिवलीपासून म्हातारी माणसे धुतलेले कपडे घालून येत, बहुधा एकटीच. आपल्यामागे मुलांची धावपळ नको, एवढेच सांगत. अशा फोटोची रीत ठरलेली होती. चेहरा मधोमध आणि थोडा लहान. दोन्ही बाजूंना आणि खाली मोकळी जागा. पुढे फ्रेमला हार घातला की चेहरा झाकला जाता कामा नये. नाना हे कोणाला समजावून सांगत नसत. गिऱ्हाईकही विचारत नसे.

एकदा एका आजींनी विचारले, "हसले तर चालेल का हो? बरं दिसेल?"

"हसा की. तुम्हाला थोडंच बघायचंय?"

आजी मनापासून हसल्या. नानांनी तेवढ्यात फोटो घेतला. नंतर त्यांनी तो काळजीपूर्वक धुतला आणि वाळवला.

या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी अनेकांनी रविवारी सकाळी नानांसमोर आपले फोटो मांडले आहेत. नानांची पद्धत त्यांना ठाऊक आहे. आधी चांगले सांगायचे. खोटे नाही, चांगले. ते सापडेपर्यंत नाना गप्प बसत. ती शांतता आमच्यापैकी पुष्कळांनी सोसली आहे. मग दोष सांगत, तोही असा की घरी जाऊन काहीतरी करता यावे. "हे वाईट आहे" असे ते म्हणाल्याचे मला आठवत नाही. "खिडकी उघडायची होतीस," असे म्हणत.

मी कांदिवलीला आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या माणसांची एक फोटोमालिका केली होती. नानांनीच कॅमेरा दिला होता. बोरिवलीच्या एका वाचनालयाने ती आपल्या सभागृहात मांडायचे कबूल केले होते. शेवटचा फोटो माझ्या वडिलांचा होता. ते गिरणीतून निवृत्त झाले होते. कापसाची धूळ छातीत बसली होती आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. हे त्यांना आम्ही सांगितले नव्हते. त्यांचा त्याआधी एकही फोटो नव्हता. प्रदर्शनाचे काहीही होवो, वडील जाण्यापूर्वी त्यांचा एक खरा फोटो आपल्या हाती असावा, एवढी माझी इच्छा होती. तो मिळाला आहे असे मला वाटत होते.

नानांनी फोटो बाकावर ओळीने मांडले. बराच वेळ बोलले नाहीत.

"कागद चांगला धुतलायस," शेवटी म्हणाले. "काळा रंग स्वच्छ आलाय. आणि ही माणसं तुला घाबरलेली नाहीत. हे शिकवता येत नाही."

मग एकेका फोटोवर बोट ठेवत गेले.

"यांचे हात कुठे गेले? हे शिंपी ना? शिंप्याचे हात नकोत? ही बाई कुणाकडे बघतेय? भिंतीकडे. तू सांगितलंस म्हणून. सगळ्यांना एकाच बाजूने उजेड, सगळे मधोमध, सगळ्यांच्या भोवती मोकळं. का रे?"

मी म्हटले, "एकटेपणा दिसावा म्हणून."

"एकटेपणा नाही. तू हाराला जागा सोडलीयस."

मी पुन्हा पाहिले. ते खरे होते. स्टुडिओतली सवय हाताला लागली होती आणि मी तिला विचार समजत होतो. जिवंत माणसे मी भिंतीवर टांगून ठेवली होती. वडिलांच्या फोटोत ती जागा सर्वांत जास्त होती.

नानांनी तो फोटो उचलला. "वडील ना? दिवसभर काय करतात?"

"काही नाही. मासळी तेवढी स्वतः कापतात. आईला हात लावू देत नाहीत."

"मग तो फोटो काढ. लवकर काढ."

थोड्या वेळाने ते आपण होऊन बोलले. "हिचा मी एकच फोटो काढला. आजारी होती तेव्हा. ती म्हणाली, एवढ्या लांबून काय काढताय? मी म्हटलं, असंच बरं दिसतं. फोटोग्राफरची बायको ती. तिला कळलं." नानांच्या पत्नीचा तो फोटो आतल्या खोलीत होता. नाना त्याच्याकडे बघत नसत, हे मी पाहिले होते. कारण त्या दिवशी समजले.

जाताना मी वडिलांचा फोटो तिथेच टाकून निघालो होतो. नानांनी हाक मारली. "हाही घेऊन जा. लागेल."

पुढच्या रविवारी मढची कोळीण आळीत आली. वडील मागच्या दारी विळी घेऊन बसले. दम लागत होता, तरी बांगडे ओळीने लावले होते. मी कॅमेरा घेऊन अगदी जवळ गेलो.

"माजो कित्याक काढतंस? बांगड्यांचो काढ. ते तरी ताजे आसत," ते म्हणाले. मग, "काढतंस तर काढ, पण आदी त्या माजराक हाकल."

मी मांजर हाकलले नाही. फोटोत वडील त्याच्याकडे रागाने बघत आहेत. एका हातात बांगडा आहे, दुसरा हात उगारलेला आहे. फोटोत कुठेही मोकळी जागा नाही.

नानांनी तो फोटो उजेडात धरला. या वेळी ते लगेच बोलले. "गृहस्थ यात आहेत." मग म्हणाले, "डोकं जरा कापलंस. चालेल."

प्रदर्शन मी पुढे ढकलले. बाकीच्यांचे फोटो पुन्हा काढायला वेळ लागला आणि दोघेजण तोवर राहिले नाहीत. वडील त्याच पावसाळ्यात गेले. बाराव्याला गावाहून माणसे आली. त्यांना भिंतीवर लावायला फोटो हवा होता. मी पहिला दिला. त्यावर हार बरोबर बसला. चेहरा जराही झाकला गेला नाही. दुसरा माझ्या टेबलावर आहे. वडील त्यात आहेत.

नानांना यंदा साठ वर्षे पूर्ण झाली. नजर अधू झाल्यामुळे त्यांनी डार्करूममध्ये जाणे सोडले आहे. बोटांवरचे औषधाचे डाग मात्र गेलेले नाहीत. हाराचे फोटो आता त्यांचा पुतण्या काढतो. नाना बाहेर बाकावर बसून आलेल्या म्हाताऱ्यांशी बोलतात. रविवारी अजूनही फोटो डोळ्यांजवळ धरून बघतात आणि अजूनही आधी गप्प बसतात.

या ग्रंथासाठी संपादकांनी नानांचा छातीपर्यंतचा, "नेहमीसारखा" फोटो मागितला. तो मी काढावा असे ठरले. नाना ज्या स्टुलावर लोकांना बसवत त्यावर स्वतः बसले आणि चष्मा पुसू लागले.

"बाजूला किती सोडलंस?"

"काही नाही."

"खाली?"

"खाली तुमचे हात आहेत."

"संपादक ओरडतील."

"ओरडू देत."

ते हसले नाहीत. चष्मा पुसत राहिले. मी फोटो घेतला.

तोच या ग्रंथाच्या आरंभी छापला आहे. त्याला हार घातला तर कपाळ आणि दोन्ही गाल झाकले जातील. त्या कामासाठी तो निरुपयोगी आहे. नानांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि दुसरा फोटो काढायची आम्हांला पुष्कळ वर्षे गरज न पडो.