रात्रीचं औषध

पेशंट हवेत पुड्या बांधत होता.

डाव्या हातात न दिसणारा कागद, उजव्या हाताने त्यात न दिसणारी साखर ओतायची, मग वरून न दिसणारा दोरा ओढून आडवा-उभा फेरा मारायचा. पुडी झाली की कॉटच्या कठड्यावर ठेवायची आणि म्हणायचं, "हं, बोला, अजून काय देऊ?" मांडीचं हाड मोडलेला माणूस, ऑपरेशन झालेलं, टाके ओले. आणि तो मध्येच वरच्या फळीवरची चहापत्ती काढायला उठू बघत होता. दोन वॉर्डबॉय खांदे दाबून घामाघूम झाले होते.

मी मानसोपचारतज्ज्ञ. लोकांच्या भाषेत येड्याची डॉक्टरीण. बीडमध्ये इतकी वर्षं काढल्यावर त्या नावाचा राग येत नाही. राग येतो तो 'आमच्यात असलं काही न्हाई' या वाक्याचा. ही गोष्ट त्या वाक्याची आहे.

हाडांचे डॉक्टर सतीश यांचा फोन आला तेव्हा मी ओपीडीत होते. "मॅडम, लगेच या. पेशंट भ्रमात गेलाय आणि खाली लोक जमायलेत." हाडांच्या डॉक्टरचा आवाज सहसा थरथरत नाही. मी रांगेतल्या लोकांना थांबायला सांगून निघाले. खरंच सिरसाळ्याच्या दोन जीप गेटात उभ्या होत्या. त्यातली माणसं माझ्याकडे बघत होती ती काही स्वागताला आल्यासारखी नव्हती.

पेशंट मन्मथअप्पा, सिरसाळ्यातले जुने किराणा दुकानदार. तेलाचा डबा काढताना शिडीवरून पडले. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी झोप नाही, हात थरथरतात, घाम येतो. दुखत असेल, असं सगळ्यांनी धरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वॉर्डातच दुकान उघडलं.

खोलीत घरची म्हणून तिघं होती. बायको महानंदाबाई, मुलगी शिवकन्या आणि वडवणीचे विश्वनाथअप्पा. हे बी-बियाण्यांचे व्यापारी, शिवकन्येचे होणारे सासरे. सुपारी फुटली होती, लग्न तोंडावर होतं. आवाज सगळ्यात मोठा याच गृहस्थांचा.

"भूल जास्त झाली, असं लिहून द्या. आमी काय अडाणी न्हाईत."

"भूल कमरेतून दिली होती," सतीश म्हणाले. "ती त्याच दिवशी उतरली."

"मग हे काय हाय? हे चांगलं माणूस असं कावून करायलंय?"

मी नाडी धरली. पळत होती. अंग तापलेलं, जीभ कोरडी, बोटं पिंपळाच्या पानासारखी हलत होती. डोक्याचा सीटी स्कॅन साफ होता. साखर ठीक, ऑक्सिजन ठीक. माझ्या मनात एकच गोष्ट आली. पण मनात येऊन भागत नाही.

ती गोष्ट अशी. रोज दारू घेणाऱ्याच्या मेंदूत रस्सीखेच चालू असते. दारू मेंदूला एकीकडे ओढते, मेंदू दुसरीकडे जोर लावून उभा राहतो. दारूने अचानक दोरी सोडली की मेंदू धाडकन पडतो. आधी थरथर, मग कधी फिट, आणि दोन-तीन दिवसांनी हा भ्रम. आम्ही त्याला डीटी म्हणतो. त्यात माणूस पुष्कळदा आपलं रोजचं कामच करत बसतो. ड्रायव्हर स्टिअरिंग फिरवतो, शिंपी मशीन मारतो. बघणाऱ्याला हसू येतं. पण याच्यात माणूस मरतो. हे लोकांना माहीत नसतं. दारू पिऊन मरतात हे माहीत असतं, सोडून मरतात हे कुणाला पटत नाही.

इलाज आहे. मेंदू शांत करणारं इंजेक्शन, आणि तेही चांगल्या तगड्या डोसमध्ये. पण मोठं हाड मोडलं की चरबीचे कण फुप्फुसात, मेंदूत जाऊ शकतात. त्यानेही माणूस बरळतो. तसं असलं आणि मी तगडा डोस दिला, तर श्वासच थांबायचा. म्हणजे मला एक खरं उत्तर हवं होतं आणि ते या खोलीतच कुणाकडे तरी होतं.

मी महानंदाबाईंना विचारलं, "अप्पा दारू घेतात का?"

"अगं बाई! काहीतरीच काय इचारता? पूजेबिगर पाणी पीत न्हाईत ते. आमच्यात असलं काही न्हाई."

हे बोलताना त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. बघत होत्या विश्वनाथअप्पांकडे.

मी त्यांना हाताला धरून दाराबाहेर नेलं. "बाई, तुमच्या मालकाचा जीव जाईल. मला खरं सांगा."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीचं लगीन हाय हो."

"मूठ झाकून ठेवली तर मी नाडी कशी बघू?" मी जरा जोरातच बोलले. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी ओरडते. माझा स्वभावच तसा.

आत परत आलो तर मन्मथअप्पांनी पायाची पट्टी सोडायला घेतली होती. पोत्याची सुतळी समजून. सलाईनची बाटली हिंदकळत होती. विश्वनाथअप्पा म्हणाले, "आमी पेशंट हलवतो. संभाजीनगरला नेतो. गाडी काढा रे!"

त्या अवस्थेत तो माणूस मांजरसुंब्याच्या पुढे पोचला नसता... नाही, संभाजीनगर उलट्या बाजूला. बघा, आज लिहितानाही माझं डोकं तसंच गोंधळतं. गेवराईसुद्धा गाठली नसती, एवढंच.

तेव्हा शिवकन्या बोलली. तोवर ती कोपऱ्यात बापाचा शर्ट हातात घट्ट धरून उभी होती.

"मॅडम, त्यांचं रात्रीचं औषध बंद हाय. इथं आल्यापासून कुणी दिलंच न्हाई."

"कन्या!" आई ओरडली.

"कोणतं औषध?" मी विचारलं.

"रात्री जेवायच्या आधी घेतात. गोदामात."

"गोदामात कोण औषध घेतं बाळा?"

तिने एकदा होणाऱ्या सासऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून भडाभडा बोलून टाकलं. "आमच्या घरात त्याला औषधच म्हणतात. लहान होते तवा मला खरंच औषध वाटायचं. आधी एक क्वार्टर लागायची, आता दोन बी पुरत न्हाईत. सकाळी हात हालतेत म्हणून तवा बी थोडं. पडायच्या आदल्या रात्री घेतलं ते शेवटचं."

कॉटवरून मन्मथअप्पा म्हणाले, "साखर संपली बघा, उद्या या."

विश्वनाथअप्पा उठले, टोपी नीट केली आणि निघून गेले. त्यांच्या जिन्यावरच्या चपला ऐकू येत होत्या. महानंदाबाईंनी कपाळावर हात मारला. "घालवलीस गं सोयरीक. सोन्यासारखी सोयरीक घालवलीस!"

"बापाला घालवू का मग?" ती पोरगी म्हणाली आणि रडायला लागली.

मला तेव्हा तिला जवळ घ्यायला वेळ नव्हता. आयसीयूत हलवलं. आधी बी-वन म्हणजे थायमिनचं इंजेक्शन. दारूने हे जीवनसत्त्व अंगात उरत नाही आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदू कायमचा बिघडू शकतो. मग शांत करणारं पहिलं इंजेक्शन. हात चालूच. दुसरं. पुड्या चालूच. सतीश माझ्याकडे बघायचे, मी छातीकडे. श्वास मंद होतोय का, ऑक्सिजन पडतोय का. बाहेर जीपवाले 'काय झालं, काय झालं' करत होते. माझा अंदाज चुकला असला तर आज दवाखाना फुटणार होता. पण खरं सांगू, काचांचं मला काही नव्हतं. ती पोरगी दाराच्या काचेला नाक लावून उभी होती.

दुपार कलताना हात एका पुडीवर अडले. दोरा अर्धाच गुंडाळला आणि हात खाली पडला. मी घाबरून मॉनिटर बघितला. सगळे आकडे ठीक होते. अप्पा घोरत होते.

पुढचे काही दिवस डोस थोडा थोडा कमी केला. माणूस शुद्धीवर आला. त्याला पुड्यांचं काहीच आठवत नव्हतं.

आता महानंदाबाई माझ्या मागे लागल्या. "मॅडम, चहातून द्यायची पावडर मिळती म्हणे. न सांगता द्यायची. माणसाला कळत बी न्हाई."

"ती कुटलेली डायसल्फिरमची गोळी असते," मी म्हणाले. "ती पोटात असताना दारू घेतली तर उलट्या होतात, बीपी कोसळतं. माहीत असलेला माणूस त्या भीतीने पीत नाही. ज्याला माहीतच नाही तो पितो आणि मरतो. लपवालपवी पुरे झाली आता."

"मग व्यसनमुक्ती केंद्रात टाकावं का?"

कॉटवरून आवाज आला. "मॅडम, गिऱ्हाईक मी हाय. तुमी सौदा हिच्याशी कावून करायलेत? माल कोणकोणता हाय ते मला दाखवा की."

बरोबर होतं त्यांचं. मी खुर्ची ओढली. "आत्ता झालं ते फक्त विष उतरवणं. इलाज अजून सुरूच नाही."

"एवढं होऊन बी न्हाई?"

"नाही. आता ओढ कमी करणाऱ्या गोळ्या. त्यात एक चांगली आहे, पण तुमच्या पायाच्या दुखण्याच्या गोळ्यांशी तिचं भांडण आहे. दुसरी देता येईल, फक्त दिवसातून तीनदा न चुकता घ्यावी लागते. डायसल्फिरम तुम्हाला सांगून, तुम्ही हो म्हटलं तरच, आणि लिव्हर बघून. मग समुपदेशन, म्हणजे माझ्या माणसासमोर बसून बोलायचं, बायकोनेही बसायचं. सोडलेल्या लोकांच्या बैठका असतात, तिथे बसायचं."

"अन् केंद्र?"

"घरात राहून जमतच नाही, त्याच्यासाठी. तेही डॉक्टर रोज येतो का, माणसाला मारत-बांधत नाहीत ना, हे डोळ्यांनी बघून. तुमची मुलगी घरात आहे, तुम्हाला सध्या नको."

अप्पांनी विचार केला. "टिकाऊ कोणता?"

"एकटा कोणताच टिकत नाही. मिसळून घ्यावे लागतात."

"गॅरंटी?"

"नाही."

"वारंटी तरी?"

"परत बिघडलं तर परत यायचं. मी हाकलणार नाही."

ते हसले. आणि हसता हसता एकदम रडायला लागले. "माझ्यापायी पोरीचं वाटोळं झालं हो. वडवणीचा फोन न्हाई, काई न्हाई." ते खरंच होतं. सुपारी परत आली नव्हती, पण माणूसही आलं नव्हतं. महानंदाबाई फोन वाजला की दचकायच्या.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मी अप्पांना बघून खोलीबाहेर आले, तर पॅसेजमध्ये विश्वनाथअप्पा. आले हे सोयरीक मोडायला, मी मनात म्हटलं.

"मॅडम, जरा बाजूला येता का? दुसऱ्या एका माणसाचं इचारायचंय. दोस्त हाय माझा."

"विचारा."

"त्यो बी घेतो. बऱ्याच वर्षांपासून. घरात कुणी बोलत न्हाई. मन्मथअप्पाची ती गत बघून लई भ्याला."

"तुमच्या दोस्ताने ती गत कुठून बघितली?"

त्यांनी टोपी काढून परत घातली. मी पुढे म्हणाले, "बरं, त्यांना सांगा, मनाने एकदम सोडायची नाही. आधी दाखवायला या. औषधावर हळूहळू उतरवू."

त्यांचा चेहरा उतरला. "एकदम सोडायची न्हाई?"

तेवढ्यात शिवकन्या रिकामा डबा घेऊन खोलीतून बाहेर आली. सासरे दिसताच तिने पदरासारखी ओढणी डोक्यावर घेतली आणि वाकून नमस्कार केला. आशीर्वादाला त्यांनी हात उचलला. तो हात तिच्या डोक्यावर टेकायच्या आधीच लटपटायला लागला. ते दुसऱ्या हाताने तो धरू गेले, तर तोही लटपटला. कपाळावर घामाचे थेंब.

पोरगी सरळ उभी राहिली. त्या हाताकडे बघितलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

"मामा," ती अगदी हळू म्हणाली, "औषध शेवटचं कवा घेतलं व्हतं?"

विश्वनाथअप्पांनी इकडेतिकडे बघितलं. माझ्याकडे नाही बघितलं.

"परवा रात्री, पोरी," ते म्हणाले.

मी सिस्टरला हाक मारून बेड तयार करायला सांगितलं. चाकांच्या खुर्चीत बसवून त्यांना आत नेलं, तेव्हा त्यांनी एका हाताने शिवकन्येची ओढणी धरली होती. या वेळी वेळेत सापडलं, त्यामुळे भ्रम झाला नाही, आयसीयू लागला नाही.

लग्न थोडं पुढे ढकललं, पण झालं. दोन्ही व्याही माझ्याकडे येतात, बैठकीलाही एकत्र बसतात. एकदा मन्मथअप्पा घसरले, परत घेतली. दुसऱ्या दिवशी स्वतःच आले आणि म्हणाले, "वारंटीत हाय न्हवं?"

आणि मी आता पेशंटला 'दारू पिता का' असं विचारतच नाही. आमच्याकडे दारू कुणीच पीत नाही. मी विचारते, "रात्रीचं औषध कोणतं?" लोक लगेच सांगतात.