लाल रेघ

मिस्त्रीणबाईनं नवऱ्याच्या जीपचे ब्रेक मुद्दाम कच्चे ठेवले, म्हणून अपघातात त्याचा पाय गेला, अशी कुजबुज नऊ वर्षं न्हाव्याच्या खुर्चीपासून दवाखान्याच्या बाकापर्यंत फिरत होती. फिरवणारा घरचाच, धाकटा दीर. दुसऱ्यानं ठोकलेला खिळा पुन्हा ठोकल्याशिवाय या गृहस्थाला घास गोड लागत नसे.

नवऱ्यानं तिला कधी जाब विचारला नाही. पण तिच्या हातून दुरुस्त झालेली गाडी दारात आली, की काठी टेकत मुकाट्यानं रिक्षात जाऊन बसायचा. शिव्या परवडल्या, ती काठीची टकटक तिच्या काळजात रुतायची.

तीच जीप आता दिराकडे होती. जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत तिला मिरवायचं त्याच्या मनात आलं. पण ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारं मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचं असल्याशिवाय प्रवेश नाही, असा नियम निघाला. जुन्याला एकच कप्पा. एक पाइप गळला की चारही चाकांचे ब्रेक गेले. नव्यात दोन चाकं तरी धरतात. त्या जीपला ते बसवणारे हात गावात एकाच बाईचे.

"वहिनी, झालं गेलं विसरा," दीर दारात येऊन म्हणाला.

"विसरले की, भाऊजी! आणा गाडी," ती म्हणाली. दात असे दाखवले, की शहाणा असता तर तिथूनच पळाला असता.

काम तिनं चोख केलं. ब्रेकमधली हवा काढली. पेडलचा दांडा आणि आतला पिस्टन यांत पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवली. तेवढी लागतेच, नाहीतर दाबलेला ब्रेक सुटत नाही. मग ती फट राखणाऱ्या नटावरून दांड्यापर्यंत लाल रंगाची रेघ ओढली.

"पेडल वरच्या वर किंचित ढिलं लागेल. हात लावू नका."

हात लावू नका म्हटलं, की याचे हात शिवशिवणार, हे तिला ठाऊक होतं. मिरवणुकीत गाड्या गोगलगायीच्या चालीनं जातात, कुणाला खरचटणारही नाही, हेही.

व्यासपीठासमोर जीप अडली. चाकं गच्च, धूर, मागून भोंग्यांचा कालवा. दीर ओरडला, "बघा! पुन्हा घात केला हिनं!"

ती गर्दीतून पुढे आली. नवऱ्याला हाताला धरूनच आणलं होतं. परीक्षकांना तिनं गाडीखाली वाकायला लावलं. लाल रेघ मधोमध तुटलेली. नटावर पान्याचे ताजे ओरखडे.

"कोणी फिरवला, भाऊजी?"

"पेडल ढिलं लागत होतं! तुमचं काम मी नेहमीच एकदा बघून घेतो."

"नेहमी? तुमच्या दादांच्या अपघाताआधीही?"

"मग काय सोडतो? ब्रेकच्या पाइपाचा नट दोन आटे आवळलाच होता म्हणून..."

त्यानं जीभ चावली.

"त्या पाइपाला तिथंच चीर गेली होती," नवरा हळू म्हणाला.

"म्हणा की, भाऊजी, 'म्हणून' काय? मोठ्यानं म्हणा, मागच्यांनाही ऐकू जाऊ दे," ती गोड आवाजात म्हणाली.

परत जाताना नवरा रिक्षाकडे वळला नाही. तिच्या गाडीत पुढे बसला.

नऊ वर्षांपूर्वी तो नट दिरानं आवळला होता. पाइप तिथं फुटला. तिचं काम नीट होतं.