उत्तर नाही, पुढे

लिफ्ट दुरुस्त करण्यात ज्याचा सगळा जन्म गेला, त्याला गल्लीत कोणी लिफ्टवाला म्हणत नसे. लहानथोर सगळे त्याला ओव्हरकाका म्हणत. रेडिओवर आपलं बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, म्हणजे पलीकडच्याला कळतं की आता त्याची पाळी. ही सवय या गड्याच्या जिभेला अशी चिकटली होती की दुकानात साबण मागून झाला तरी ओव्हर आणि बायकोशी भांडून झालं तरी ओव्हर. बायको म्हणायची, निदान यांचं बोलणं कधी संपलं ते तरी कळतं, बाकीच्या नवऱ्यांचं तेही कळत नाही.

त्याचं खरं घर होतं वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची खोली. जिना चढून गेलं की उजवीकडे पाण्याची टाकी, डावीकडे ही खोली. आत एक लांब टेबल, टेबलावर रेडिओचा जुना सेट, एक पत्र्याचं कपाट, एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या, आणि खिडकीतून बाहेर गेलेली काळी केबल, जी गच्चीवरच्या लोखंडी खांबाला जाऊन भिडलेली. हा हौशी रेडिओवाल्यांचा क्लब. परीक्षा देऊन परवाना काढायचा आणि ना कोणाची वायर, ना कोणाचा टॉवर, थेट हवेतून एकमेकांशी बोलायचं. लोक विचारत, अहो, खिशात फोन असताना हे कशाला? ओव्हरकाका अशा माणसाकडे नुसतं बघायचा. एकदा वादळात सगळे फोन मेले होते, तेव्हा दवाखान्याचे निरोप याच खोलीतून गेले होते. पण गरज सरो, वैद्य मरो, हे काय आजचं आहे?

क्लब सुरू केला तो दोघांनी. दुसरा होता एक घड्याळजी. रेडिओवर त्याचं नाव पडलं होतं कासव, कारण तो प्रत्येक शब्द तोलूनमापून, सावकाश बोलायचा. ओव्हरकाकाचं डोकं भडक, कासवाचं थंड. तुझं माझं जमेना आणि तुझ्यावाचून करमेना, अशी ती जोडी. खांब दोघांनी मिळून उभा केला होता, आणि त्या दिवशी कासव खांबाला धरून म्हणाला होता की आपल्यात जे बिनसेल ते हवेतच बिनसावं आणि हवेतच मिटावं, घरादारापर्यंत नेऊ नये. पुढे तो क्लबचा नियमच झाला. रेडिओवर भांडलात तर रेडिओवरच मिटवा. फोन करायचा नाही, दारात जायचं नाही.

दर रविवारी सकाळी हजेरी असे. ओव्हरकाका टेबलाशी बसून एकेकाला हाक मारी, बटण सोडी आणि वाट बघे. माणूस 'आलो' म्हणाला की दोन शब्द बोलायचे, उत्तर आलं नाही तर 'नसावेत, पुढे' म्हणून पुढच्याला हाक. आणि एखादा सभासद वारला की त्या रविवारी त्याला तीनदा हाक मारायची, थांबायचं आणि म्हणायचं, 'उत्तर नाही. स्टेशन बंद.' ते शब्द फक्त मेलेल्यांसाठी राखलेले. जिवंत माणसाला ते कोणी चुकूनही म्हणत नसे.

भांडण झालं ते खोलीवरून. वाचनालयाला खोली परत हवी होती. एके रविवारी, सगळे ऐकत असताना, कासव त्याच्या पद्धतीने हळूहळू म्हणाला की माणसं उरली आहेत मोजकी, जिने चढवत नाहीत, तर आपण मानाने खोली देऊन टाकू आणि आपापल्या घरून बोलू. झालं. ओव्हरकाकाने डोक्यात राख घातली. खांब उभा करताना बरी नाही दुखली तुझी कंबर, इथपासून सुरू झाला तो थेट, "तू नसलास तरी माझं स्टेशन चालेल. जा. ओव्हर," इथे येऊन थांबला.

पलीकडून कासव म्हणाला, "बरं."

ओव्हरकाकाला त्याचा ऐकू आलेला हा शेवटचा शब्द.

जिभेला हाड नसतं हे खरं, पण बोललेलं गिळताही येत नाही. तो दिवस मावळायच्या आत ओव्हरकाकाला पश्चात्ताप झाला. बायको म्हणाली, जा की त्यांच्या घरी, टेकडीपलीकडे तर राहतात. तो म्हणाला, नियम आहे. बायको म्हणाली, नियम चुलीत घाला. पण तो नाही गेला. मनाशी मात्र त्याने ठरवून टाकलं होतं, की रविवारी कासवाने नुसतं 'आलो' म्हणावं, की आपण लगेच म्हणायचं, घेऊ दे त्यांना खोली, गेली खड्ड्यात. त्याला खोली नको होती, क्लब नको होता. त्याला तो एक शब्द हवा होता.

रविवारी त्याने हाक मारली. बटण सोडलं. नुसती बारीक खरखर. "नसावेत, पुढे," तो म्हणाला आणि मास्तरीणबाईंना हाक मारली. त्या लगेच आल्या. औषधांचा दुकानदार आला. गावातले सगळे स्वच्छ ऐकू येत होते. फक्त टेकडीपलीकडचा तेवढा मिठाची गुळणी धरून बसला होता.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. एवढं मात्र त्याच्या लक्षात आलं होतं, की सेटमधली खरखर अलीकडे कमी झाली आहे. पूर्वी कानाला टोचायची, आता कशी मऊ आणि दुरून आल्यासारखी. चला, हवा स्वच्छ झाली, असं म्हणून त्याने त्यात समाधानच मानलं. इतक्या स्वच्छ हवेत कासव बोलत नाही म्हणजे त्याला बोलायचंच नाही. आणि हाच माणूस नव्या सभासदांना घसा फोडून सांगायचा की पलीकडून आवाज आला नाही तर दुसऱ्याला बोल लावू नका, आधी स्वतःचा सेट उघडून बघा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मग एका रविवारी त्याचा संयम सुटला. कासवाला हाक मारली, वाट बघितली, आणि बटण दाबून तो शांतपणे म्हणाला, "उत्तर नाही. पुढे."

जिवंत माणसाला ते शब्द? औषधवाला अडखळत मध्ये आला. "काका, एक मिनिट. कासवकाकांचं..."

"त्याचं नाव माझ्यासमोर कोणी काढायचं नाही," ओव्हरकाका कडाडला. "आमच्यामध्ये कोणी पडायचं नाही. त्याला तोंड आहे, तो बोलेल. पुढे."

औषधवाला गप्प झाला तो झालाच. त्यानंतर दर रविवारी ओव्हरकाका तेच दोन शब्द म्हणू लागला. सुंभ जळाला तरी पीळ जाईना. आणि हळूहळू हजेरी ओसरली. मास्तरीणबाई यायच्या बंद झाल्या. पाठोपाठ बाकीचेही गळाले. औषधवाला तेवढा 'आलो' म्हणे आणि पुढे अक्षर बोलत नसे. एक दिवस तोही आला नाही. ओव्हरकाका रिकाम्या खोलीत बसून एकेकाचं नाव पुकारत राहिला. घरी जाऊन बायकोला म्हणाला, त्याने सगळ्यांना फितवलं. तिने ताट वाढलं, त्याने ते तसंच बाजूला सारलं.

नंतर एका दुपारी जिन्यावर थांबत थांबत चढणारी पावलं वाजली. दारात कासवाची बायको उभी होती, हातात जड कापडी पिशवी. ओव्हरकाका खुर्चीवरून उठला, आणि खोटं कशाला सांगू, त्याला आनंद झाला. नियम मोडून का होईना, गडी नमला, बायकोला पाठवलं, असं त्याला वाटलं.

"या वहिनी," तो म्हणाला. "तो खाली थांबलाय का?"

वहिनींनी पिशवी टेबलावर ठेवली. आत कासवाचा सेट होता. हा क्लबच्या मालकीचा आहे, त्यांनी परत करायला सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या. त्यांना जाऊन झाले की बरेच दिवस. तुम्हाला कळवायचं मी म्हणत होते, पण सगळ्यांनी सांगितलं, काकांसमोर त्यांचं नाव काढायची बंदी आहे.

ओव्हरकाका पुन्हा खुर्चीवर बसला. तोंडून निघालं ते भलतंच. "एकदा तरी आलो म्हणायचं होतं त्याने," तो म्हणाला.



"दर रविवारी म्हणत होते," वहिनी म्हणाल्या. "मी त्यांना उशांना टेकवून बसवायची. हात थरथरायचा म्हणून माइक मी धरायची. 'आलो रे, चुकलं माझं, खोली सोडायची नाही,' एवढं म्हणायचे. आणि तुमचा आवाज यायचा. उत्तर नाही, पुढे. भावजी, मेलेल्या माणसासाठी राखलेले शब्द तुम्ही त्यांना जिवंतपणी ऐकवलेत. मी म्हणायची, बंद करा ते मशीन. तर म्हणायचे, नको, तो रागात आहे, पुढच्या रविवारी बोलेल."

"वहिनी, मला काही ऐकू आलं नाही. शपथ."

"मास्तरीणबाईंचं ऐकू येत होतं ना?" वहिनी म्हणाल्या. आणि आल्या तशा, थांबत थांबत, जिना उतरून गेल्या.

ओव्हरकाकाने टेबलावरच्या आपल्या सेटचे स्क्रू काढले. अशा सेटच्या पोटात एक बारीक स्विच असतो. बटण दाबलं की तो बोलण्याकडे वळतो, सोडलं की ऐकण्याकडे. त्याची ऐकण्याकडची टोकं काळी पडली होती. म्हणजे याचा आवाज जगभर जात होता, जवळच्यांचे जोरकस आवाज आतही येत होते, आणि टेकडी ओलांडून थकत येणारा तेवढा एक आवाज दारातच मरत होता. लिफ्टच्या पॅनलमध्ये असली काळी टोकं घासून साफ करण्यात त्याची उभी हयात गेली होती. त्याने टोकं घासली. आणि खरखर उसळली, पूर्वीसारखी, कानाला टोचणारी. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो ओक्साबोक्शी रडला.

रविवारी सगळे आले. वहिनींनी निरोप फिरवला होता की शेवटची हाक रीतसर व्हायला हवी. कितीतरी दिवसांनी ओव्हरकाकाला सगळ्यांचे आवाज ऐकू आले. त्याने कासवाला पहिली हाक मारली, दुसरी मारली, तिसरी मारली. बटण सोडून थांबला. आता ते दोन शब्द म्हणायचे होते.

"त्याने उत्तर दिलं होतं," तो म्हणाला. "दर रविवारी दिलं होतं. माझा सेट बहिरा झाला होता. जवळचं ऐकू यायचं, लांबचं नाही. मी तपासला नाही. आज तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो, मी मुद्दाम नाही केलं. ओव्हर."

खरखर चालू राहिली. मग औषधवाला आला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट.

"काका, सेटचं पटलं. होतं असं. पण मी सांगायला आलो होतो ना, की ते बोलताहेत. माझं तर ऐकू येत होतं. ओव्हर."

ओव्हरकाकाने बटण दाबलं. पंख्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला, बाकी काही नाही. त्याने बटण सोडलं, पुन्हा दाबलं, पुन्हा सोडलं. शेवटी मास्तरीणबाईंनीच ते शब्द म्हटले, कोणीतरी म्हणायलाच हवे होते. मग एकेक जण रजा घेऊन गेला.

खोली त्याने त्याच आठवड्यात वाचनालयाला देऊन टाकली. खांब उतरवायला आलेल्या माणसांनी विचारलं, काका, धरता का एका बाजूने? त्याने धरलं. दुसऱ्या बाजूला कोणीतरी अनोळखी होता.