वेशीतली पन्नास पावलं

मी पहिला होतो. आणि वेशीपाशी येऊन सायकलवरून खाली उतरलो.

कुणी उतरवलं नाही. पायच उतरले. आमच्या महारवाड्यातल्या माणसानं वेशीतून बसून जायचं नाही, सायकल हातात धरून चालायचं, हे पायांना पाठ होतं. शर्यतीची रेघ वेशीच्या आत, चावडीपुढं, पन्नास पावलांवर. मी मान खाली घालून सायकल ढकलत निघालो. मागून, बाप ज्यांच्या शेतात राबायचा त्या मालकांचा धाकटा पोरगा घंटी वाजवत आला, बाजूनं निघून गेला आणि जिंकला. चावडी हसली. मालक म्हणाले,

"बघा, किती शिस्तीचं जनावर हाय!"

मीही हसलो. खोटं कशाला सांगू? सगळे हसतायत म्हटल्यावर मीही दात काढले. पोरांना ही गोष्ट सांगताना एवढा भाग मी गाळतो.

सव्वीस जानेवारीची शर्यत ती. निजाम गेला होता, झेंडा बदलला होता, भाषणात सगळे समान झाले होते. मुरुमच्या बाजारातून आमच्या गावापर्यंत आठ मैल. मी मुरुमात एका मिस्त्रींकडं पंक्चर काढायचो, सायकलही त्यांचीच. मला शर्यतीत घेतलं ते एकाच कामासाठी. धाकटा म्हणाला होता, "तू म्होरं ऱ्हा. वारा फोड."

आठ मैल मी समोरचा वारा छातीवर घेतला. तो माझ्या चाकामागं चाक लावून निवांत आला. आणि मला वाटत होतं, मी पुढं आहे म्हणजे जिंकतोय. अक्कल ही अशी!

मिस्त्रींनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "बावले, आगेवाला हवा खाता, पिछेवाला दम बचाता. उसका बैल बन गया क्या रे?"

मग वर्षभर, शुक्रवारची नमाज झाली की ते मला रस्त्यावर घेऊन जायचे. पुढच्याच्या चाकापासून वीतभर अंतर ठेवायचं. वारा डावीकडून आला तर जरा उजवीकडं सरकायचं. चढ येईस्तोवर जोर काढायचा नाही. शिकताना मी दोनदा त्यांच्यावरच धडकलो. एकदा आम्ही दोघंही बाभळीत. संध्याकाळपर्यंत एकमेकांचे काटे काढत बसलो.

पुढल्या सव्वीस जानेवारीला निघताच मी धाकट्याच्या चाकामागं चाक लावलं.

"म्होरं हो की रं!"

"धाकलं मालक, औंदा तुमीच फोडा."

त्यानं शिव्या दिल्या. सायकल हळू केली, मीही केली. रस्ताभर नागमोडी पळवली, मी चाक सोडलं नाही. तेवढ्यात मागं पडलेली पोरं जवळ यायला लागली. आता त्याला जोर लावणं भागच होतं. त्याचा सदरा घामानं पाठीला चिकटला. ओढ्याच्या चढाला त्याचा दम संपला. मी पायडलवर उभा राहिलो आणि पुढं गेलो.

वेस दिसली. वेशीत माझा बाप हात जोडून उभा.

"उतर रं लेकरा. उतर!"

माझा पाय पायडलवरून सुटलाही होता. गेल्या साली हसलेलं माझंच तोंड डोळ्यांपुढं आलं. पाय परत ठेवला. दाबला.

वेस. पन्नास पावलं. रेघ.

टाळी नाही. एक कुत्रं तेवढं भुंकलं.

मालक उठले. "वेशीत उतरला न्हाय. शर्यतीतनं बाद." हार धाकट्याच्या गळ्यात गेला. त्यानं तो घेतला, धापा टाकत. मग मालक माझ्या बापाकडं वळले. "तुजं काम आजपासनं बंद."

घरी आल्यावर बापानं एवढंच विचारलं, "पन्नास पावलं चालला असतास तर काय झिजलं असतं रं?"

त्या उन्हाळ्यात आमच्याकडं चूल दिवसातून एकदाच पेटायची. आई अंबाडीची भाजी अशी पातळ करायची, की तिच्यात तोंड दिसावं. ते दिवस माझ्या जिंकण्यानं आले. ही गोष्ट मी गाळत नाही.

शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी मला कामावर जायचं होतं. आमची वस्ती गावाच्या पल्याड, मुरुमची वाट गावातून. बाप म्हणाला, "ओढ्यातनं जा. आडवाटंनं."

मी दारातच सायकलवर बसलो. चावडीपुढून गेलो तेव्हा पाठीत दगड बसला. हँडल हललं, मी हललो, पण पाय टेकला नाही. वेशीबाहेर पडलो आणि ठरवून टाकलं. संध्याकाळी इथूनच परत येणार. उद्याही इथूनच जाणार. दगड मारा, सायकल मोडा, पाडा. पडलो तर पडल्या जागेवरून उठून पुन्हा बसेन. पण ह्या वेशीत मी आता चालणार नाही, आणि माझी पोरंही चालणार नाहीत.