उपास आपला, उपाशी नेऱ्याची आजी

सात बायका हायेत आपल्या डब्याच्या ग्रुपात, तळोज्यापासून पनवेलपर्यंत. आन् नेऱ्याला एकट्या राहणाऱ्या यशोदाआजीला आज दुपारी दोनपर्यंत एकीचाही डबा पोचला नाय!

रोज एकीनं आजीला डबा द्यायचा, आज पाळी सुनंदाची. तिनं सकाळी लिवलं, “आज संकष्टी, माझ्या घरात जेवण नाय बनणार. कुणीतरी बघा.” खाली सगळ्यांनी अंगठे टाकले. खोटं कशाला बोलू, मीपण टाकला. सगळ्यांनाच उपास, मग भात टाकणार कोण?

आजीनं शुगरची गोळी मात्र वेळेवर घेतलेली. दोन वाजता आजीच्या शेजारणीचा फोन आला, “आजीचे हात थरथरतायत, मी गूळ भरवलाय, तुमी या.” मी झटपट कुकर लावला आन् वरणभात घेऊन धावले. आजी मलाच म्हणते, “उपास तुमचा, मंग पुण्य मना कशाला गो बाय?” ती हसली, पण घरी येऊन मी साबुदाणा तसाच झाकून ठेवला.

आता अंगठे बास. पुढच्या संकष्टीला उपास धरूनही आजीसाठी भात कोण टाकणार, ते नाव घालून लिवा. शनवार संध्याकाळपर्यंत. कुणीच नाय लिवलं तर आजीला मी काय सांगायचं, तेपण तुमीच लिवा.