बाळाचं पारशी नाव
"दगडू गेला, धोंडू गेला, आता तसलं नाव ठेवू नको!" वहिनी पाळण्याला मिठी मारून ओरडत होती. शिरवण्याच्या आमच्या घरात बोंबील भाजल्याचा वास कोंडला होता आणि तिच्या तिसऱ्या लेकाला अंगावर भाकर भाजावी असा ताप. ओबडधोबड नावाच्या पोराला यम नेत नाही म्हणतात. पण आमच्या गावात दगडू-धोंडू इतके, की त्यांचा बांध घातला असता तर खाडी अडली असती. यमालाही ही युक्ती पाठ झाली असणार! नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मी बाळाच्या कानात मिठागरवाल्या पारशी शेटचं नाव फुंकलं, 'रुस्तम'. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आजही बोंबील भाजताना नाव ऐकताच वहिनीनं विचारलेला तो रडवेला प्रश्न आठवतो, "बाय, याचा अर्थ काय गो?" मी म्हटलं, "मला ठाव नाय. यमाला पन नसंल."